आईची मांडी आणि मोटारीचा वेग

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांपैकी दंडाच्या वाढलेल्या रकमांची चर्चा पुष्कळ झाली. हेल्मेट, परवाना, मद्यपान यांवर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्याच दुरुस्त्यांनी कायद्यात कलम १९४-ब घातले आणि त्याच्या दुसऱ्या पोटकलमाने असे ठरवून दिले की, चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा मुलांसाठी केलेल्या खास बंधनव्यवस्थेने सुरक्षित न करता जो कोणी वाहन चालवील किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंड व्हावा. १ सप्टेंबर २०१९ पासून ही तरतूद अमलात आहे. परंतु ती कोणाच्या गावीही नाही. चौकात उभा असलेला पोलीस चालकाच्या खांद्यावरचा पट्टा पाहतो आणि गाडी सोडून देतो. शेजारच्या आसनावर आईच्या मांडीत बसून पुढची काच थोपटणारे वर्षा-दीड वर्षाचे मूल त्याला दिसत नाही असे नव्हे, पण त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटत नाही. ते त्या आईबापांनाही वाटत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे मागच्या आसनावरील पट्ट्याविषयी देशभर बोलले गेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. पट्टा न लावलेल्या मृतांची संख्या १६,७१५ होती आणि त्यांत ८,३३१ म्हणजे जवळजवळ निम्मे लोक चालक नव्हते, प्रवासी होते. दंडाची पावती मात्र बहुधा चालकाच्याच नावाने फाटते. त्या चर्चेतही लहान मुलांचा उल्लेख क्वचितच झाला. पट्टा हा मोठ्या माणसांचा प्रश्न. मूल काय, ते कोणाच्या तरी मांडीवर असतेच, असा एक अलिखित समज सर्वांच्या मनात घर करून आहे.

हा समज किती घातक आहे हे समजण्यास शाळेतील पदार्थविज्ञान पुरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडते. ती समोरच्या झाडावर किंवा ट्रकवर आदळली आणि पुढचा भाग चेपत जाऊन अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलो वजनाचे मूल त्या क्षणी दोनशे किलोंचे होते. सिमेंटची चार पोती एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात हातातून सुटत असताना ती धरून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. जगातील कोणत्याही आईच्या हातांत ती ताकद नाही, आणि तिच्या मायेचा येथे काही उपयोग नाही. तिने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर परिस्थिती आणखी बिकट होते. पन्नास किलोंची आई एक टनाच्या जोराने पुढे फेकली जाते आणि ती व समोरचा भाग यांच्या मध्ये मूल सापडते. काही सावध पालक आई आणि मूल या दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावतात; त्यात तर आईचा सारा भार त्या पट्ट्यावर मुलाच्या पोटाकडून पडतो. या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरांवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली पडणे होय. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर मुलाला बसवणारा बाप समाजात वेडा ठरेल. मोटारीत तेच केले तर तो हौशी ठरतो.

त्यात अलीकडे एक नवी भर पडली आहे. चालकाशेजारच्या आसनासमोरची एअरबॅग आता नव्या मोटारींत सक्तीची आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ही पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि ती पट्टा लावून, पाठ टेकून बसलेल्या प्रौढ माणसाच्या मापाने केलेली असते. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात या पिशव्यांच्या आघाताने लहान मुले दगावली, तेव्हा कोठे मुलांना मागच्या आसनावर बसवण्याची मोहीम तेथे जोराने सुरू झाली. नवी मुंबईत डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा अशाच आघाताने मरण पावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. मोठ्यांचे प्राण वाचवणारे साधन पुढे बसलेल्या मुलाला मारू शकते, ही गोष्ट गाडी विकताना किती विक्रेते ग्राहकाला सांगत असतील?

मूल म्हणजे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे, हे वैद्यकशास्त्र केव्हाचे सांगत आले आहे. नवजात अर्भकाच्या एकूण उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचा असतो. मानेचे मणके अजून पुरते हाडांचे झालेले नसतात. समोरून धक्का बसला की ते जड डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. म्हणून अगदी लहान मुलांची खुर्ची, जिला बाजारात ‘कार सीट’ म्हणतात, ती मागच्या काचेकडे तोंड करून बसवायची असते. धक्का मग पाठीच्या संपूर्ण पृष्ठभागावर वाटला जातो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या संशोधकाने १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी हा विचार मांडला आणि तो त्याला अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचला, असे सांगतात. त्या देशात आजही चार वर्षांपर्यंत मुले उलट्या तोंडाने प्रवास करतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचे अनुमान असे आहे की, योग्य खुर्चीमुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या प्राणांतिक इजेचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. इतके फळ देणारी औषधेही थोडीच असतील.

आपल्या कायद्यातील एक उणीव येथे ध्यानात घेतली पाहिजे. ‘पट्टा अथवा बंधनव्यवस्था’ असा पर्याय देऊन त्याने सहा महिन्यांचे अर्भक आणि तेरा वर्षांचा मुलगा यांना एकाच ओळीत बसवले आहे. मोठ्यांचा पट्टा दोन वर्षांच्या मुलाला लावला तर तो खांद्याऐवजी गळ्यावरून आणि कमरेच्या हाडाऐवजी मऊ पोटावरून जातो. कायद्याचे अक्षर पाळले गेले आणि मुलाला इजाही झाली, असे होऊ शकते. वय, उंची आणि वजन यांप्रमाणे कोणते साधन हवे हे कलमातच स्पष्ट असावयास हवे होते.

अर्थशास्त्रज्ञांनी या विषयात एक वाद उपस्थित केला होता, त्याचा दाखला कोणी देईल. शिकागोचे स्टीव्हन लेविट यांनी २००५ साली अमेरिकेतील प्राणांतिक अपघातांची आकडेवारी तपासून असे म्हटले की, दोन वर्षांवरील मुलांच्या बाबतीत महागड्या खुर्चीने साध्या पट्ट्यापेक्षा अधिक प्राण वाचतात असे दिसत नाही. पुढल्याच वर्षी इतर संशोधकांनी अधिक व्यापक माहितीच्या आधारे खुर्चीमुळे मृत्यूचा धोका पट्ट्याच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो असे दाखवले. वाद रंजक आहे. पण त्यात दोन्ही बाजूंची मुले कशाने तरी बांधलेलीच आहेत, आणि दोन वर्षांखालील मुलांबद्दल तर लेविट यांनीही शंका घेतलेली नाही. आपल्याकडील तुलना मांडीशी आहे. मांडीच्या बाजूने अद्याप कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने निबंध लिहिलेला नाही.

मांडीच्या बाजूने कायदा मात्र एकदा झाला होता. अमेरिकेतील टेनेसी राज्याने रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाच्या खटपटीमुळे १९७८ च्या प्रारंभापासून लहान मुलांसाठी कार सीट सक्तीची केली. असा कायदा करणारे ते त्या देशातील पहिले राज्य. परंतु विधिमंडळातील काही सभासदांना आईच्या हातून मूल काढून घेणे क्रूरपणाचे वाटले आणि मूल कोणी मोठ्या माणसाने हातांत धरले असेल तर चालेल, अशी सवलत त्यांनी कायद्यात घुसवली. डॉक्टरांनी या सवलतीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे नाव दिले. ती १९८१ मध्ये रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी मुलांसाठी कायदे केले. आपल्या कायद्यात अशी सवलत लिहिलेली नाही. ती व्यवहारात दिलेली आहे, एवढाच फरक.

आता प्रश्न पैशांचा. चांगल्या खुर्चीला काही हजार रुपये पडतात आणि तान्ह्या मुलासाठीची खुर्ची वर्षा-सव्वा वर्षात अपुरी होते. हप्त्याने मोटार घेणाऱ्या मास्तराला किंवा बँकेतल्या कारकुनाला हा खर्च जड वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु तोच ग्राहक आसनांच्या खोळी, गाण्याचे यंत्र, चाकांच्या चकचकीत टोप्या यांवर तितकीच रक्कम विनातक्रार खर्च करतो, हेही खरे आहे. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. ज्याला धोका आहे तो ग्राहक नाही आणि जो ग्राहक आहे त्याला धोका दिसत नाही. अशा ठिकाणी बाजार आपणहून मागणी निर्माण करीत नाही. मागणी नाही म्हणून लहान गावांतील दुकानदार खुर्ची ठेवीत नाही, आणि खुर्ची मिळत नाही म्हणून पोलीस दंड करीत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या योजनेखाली मोटारींना बालसुरक्षेसाठी तारे दिले जातात. त्या चाचणीत दीड व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे वापरतात आणि ते पुतळे कार सीटमध्ये बसवलेले असतात. पाच तारे पाहून मोटार घ्यावयाची आणि मूल मांडीवर घ्यावयाचे, म्हणजे ते तारे घराबाहेरच ठेवून येण्यासारखे आहे.

सक्ती करताना एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगली पाहिजे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ साली विमानात तान्ह्या मुलांसाठी स्वतंत्र आसनाची सक्ती करण्यास नकार दिला. जादा तिकिटाच्या खर्चाने कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक मुले मरतील, असा त्यामागे हिशेब होता. आपल्याकडे मोटारीला पर्याय मोटारसायकलचा आहे, आणि २०२२ मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते. टाकीवर एक मूल, मध्ये दुसरे आणि मागे आई हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी जोडणारा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा बंधनकारक आहे. तो नियमही कलम १९४-ब च्याच वाटेने गेला आहे. तेव्हा केवळ दंड वाढवून मोटारीतले कुटुंब दुचाकीवर ढकलले गेले, तर काय साधले?

म्हणून खुर्ची विकत घेण्याऐवजी ती भाड्याने मिळण्याची सोय आधी झाली पाहिजे. न्यूझीलंडमध्ये मातांसाठी काम करणाऱ्या प्लंकेट या संस्थेने अनेक वर्षे खुर्च्या भाड्याने दिल्या. महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणे आता रुग्णालयांत होतात. बाळ घरी नेताना पाळण्याची, दुपट्यांची, काजळाच्या तिटेची तयारी असते. गाडीत ते कशात ठेवायचे याची नसते. प्रत्येक प्रसूतिगृहाने काही खुर्च्या ठेवाव्यात, अनामत रक्कम घेऊन त्या वर्षभरासाठी द्याव्यात आणि परत आल्यावर पुढच्या बाळाला द्याव्यात. एक खुर्ची चार-पाच मुलांना पुरली तर प्रत्येक कुटुंबावरील भार बारशाच्या पेढ्यांपेक्षा फार जास्त होणार नाही. नगरपालिका, सहकारी पतपेढ्या, रोटरीसारख्या संस्था यांना हे काम सहज पेलणारे आहे. लांब पल्ल्याच्या टॅक्सी कंपन्यांना मागणीनुसार खुर्ची देणे परवान्याच्या अटीत घालता येईल. खुर्च्यांसाठी एआयएस ०७२ हे भारतीय मानक आहेच. ही मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमार्फत प्रसिद्ध होतात. त्याचा शिक्का नसलेली खुर्ची घेऊ नये, एवढे प्रसूतिगृहांना सांगणे शासनाला जड नाही.

या व्यवस्थेत एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. अपघातातून गेलेली खुर्ची वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, आणि उन्हात वर्षानुवर्षे राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते. म्हणून प्रत्येक खुर्चीवर तिच्या निर्मितीचे वर्ष असावे, ती कोणाकडे होती आणि तिला अपघात झाला होता काय याची नोंदवही प्रसूतिगृहात ठेवावी, आणि अपघातातील खुर्ची पुन्हा कोणालाही न देता मोडून टाकावी.