आधी विचारा तरी!

पोर पुण्याला शिकायला निघाली की आमच्या कोऱ्हाळ्यात पहिला सवाल, ‘होस्टेलवर लक्ष कोण ठेवणार?’

मला शां. ब. मुजुमदार सर आठवतात. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, शिवाय वसतिगृहाचे रेक्टर. एक मुलगी मुलाच्या खिडकीतून काहीतरी देताना दिसली. आपण असतो तर? गावभर बभ्रा! सरांनी चौकशी केली. मॉरिशसचा मुलगा काविळीने आजारी. ती त्याला जेवण देत होती. परदेशी मुलांचे हे हाल बघूनच १९७१ मध्ये त्यांनी ‘सिंबायोसिस’ काढली. जीवशास्त्रातलाच शब्द, अर्थ सहजीवन. २००२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, सर कुलपती झाले.

माझी भाची यंदा होस्टेलला चाललीय. वहिनींना म्हटलं, काही कानावर आलं तर पहिला फोन पोरीला करा.