विश्लेषण : केसाळ पिल्लाच्या चेहऱ्याला वास का येतो? तो सुगंधाने झाकणे धोक्याचे का?

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये शित्झू, ल्हासा आप्सो, माल्टीज अशी छोटी, केसाळ पिल्ले आता नेहमीची झाली आहेत. पिल्लू घरात रुळते आणि एक तक्रार हमखास सुरू होते : आंघोळ घालूनही तोंडाजवळ आंबूस वास येतो, डोळ्यांखाली तांबूस डाग पडतात. मग गुलाबपाणी, टाल्कम पावडर, सुगंधी फवारे यांचा मारा होतो. त्याने वास जात नाहीच, उलट वासामागचा आजार झाकला जातो.

डाग आणि वास कशामुळे?

मूळ कारण ओलावा. शित्झूचे नाक आखूड आणि डोळे मोठे, काहीसे बाहेर आलेले असतात. नाकावरचे केस वाढून डोळ्यांत टोचतात आणि पाणी वाहत राहते. अश्रू व लाळेत पोर्फिरिन नावाची रंगद्रव्ये असतात. रक्तातील तांबड्या पेशींच्या विघटनातून ती तयार होतात आणि फिकट केसांवर साचली की डाग दिसतो. हा डाग स्वतः अपायकारक नसतो. मात्र ओले केस कातडीला चिकटून राहिले की तेथे जीवाणू आणि मालासेझिया नावाचे यीस्ट वाढते. आंबूस वास येतो तो त्यामुळे. दाढीत अडकलेले दूध-बिस्किट त्यात भर घालते आणि पावसाळी दमट हवेत केस लवकर सुकतही नाहीत.

रोज काय करावे?

उकळून कोमट केलेले पाणी आणि मऊ सुती कापड पुरते. प्रत्येक डोळ्यासाठी कापडाचा वेगळा तुकडा घ्यावा. वाळलेली चिपडे ओढून काढू नयेत; ओले कापड क्षणभर ठेवून ती भिजवावीत, मग डोळ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने पुसावे. त्यानंतर चेहरा पूर्ण कोरडा करावा. अनेक घरांत नेमकी हीच पायरी राहून जाते. बारीक दातांच्या फणीने केस मोकळे करावेत. जेवणानंतर दाढी पुसावी, पसरट भांडे वापरून ते रोज घासावे. डोळ्यांजवळचे केस कापण्याचे काम सरावलेल्या ग्रूमरकडे द्यावे. पिल्लू लहान असतानाच ही सवय लावली, प्रत्येक वेळी छोटासा खाऊ दिला, तर पुढे झटापट होत नाही.

काय टाळावे?

माणसांचे साबण-शाम्पू, लिंबाचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टी-ट्री तेल चेहऱ्याजवळ नेऊ नये. डाग घालवणाऱ्या पावडरींबाबतही सावध राहावे. टायलोसिन हे प्रतिजैविक असलेल्या, मंजुरी न घेतलेल्या अशा उत्पादनांच्या उत्पादकांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता. केवळ चेहरा पांढरा दिसावा म्हणून प्रतिजैविक देत राहणे म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंना आमंत्रण.

डॉक्टरकडे कधी न्यावे?

एकाच डोळ्यातून पाणी येणे, डोळा बारीक करणे, पंजाने चोळणे, पिवळा-हिरवा स्राव किंवा बुबुळावर धुरकटपणा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी. आखूड नाकाच्या जातींत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर जखम लवकर होते आणि दुर्लक्ष झाल्यास डोळा गमवावा लागू शकतो. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब मनाने घालू नयेत. वास तोंडातून येत असेल तर दात पाहावेत. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, तेव्हा थोडा वास येतो. छोट्या जातींत मात्र काही दात पडतच नाहीत आणि त्यांच्या फटीत अन्न कुजते. दात घासताना पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी; माणसांच्या काही पेस्टमधील झायलिटॉल कुत्र्यांना विषारी ठरते.

जबाबदारी कोणाची?

मोठे डोळे, चपटा चेहरा आणि लांब केस हे रूप माणसाने आपल्या हौसेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले आहे. त्याची देखभाल माणसाच्याच वाट्याला येते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पण विकताना रोजच्या निगेविषयी कोणी सांगेलच, याची खात्री नसते. विकणाऱ्याने ते सांगायला हवे आणि घेणाऱ्याने विचारायला हवे. अन्यथा महिन्याभरात ‘वास येतो’ म्हणून तेच लाडके पिल्लू बाल्कनीत बांधले जाते आणि दुखणाऱ्या डोळ्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. रोजची दहा मिनिटे घरातले कोण देणार, हे आधी ठरवावे. उत्तर मिळत नसेल तर आखूड केसांचे, लांब नाकाचे देशी पिल्लू अधिक सोयीचे. त्याचा चेहरा राखायला फारसे काही करावे लागत नाही.