हात काळे झाले तर बिघडलं कुठं?

“अहो, हे विकत मिळतं की! मग कशाला एवढा उपद्व्याप?”

आमच्या बेसमेंटमधल्या छोट्या लेथवर बसवलेला, घरी बनवलेला वेगमापक पाहिला की बहुतेक मराठी पाहुणे हाच प्रश्न विचारतात. एखाददुसरा विचारतो, “लेथ म्हणजे नक्की काय?” गंमत म्हणजे विचारणारे बहुतेक सगळे इंजिनिअर असतात! मीही त्यांच्यातलाच. भारतात इंजिनिअरिंग केले, एम.एस. करायला अमेरिकेत आलो, आणि गेली वीसेक वर्षे लोकांच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर दुरुस्त करून देण्यावर माझे पोट चालते. म्हणजे हात वापरतो तो कीबोर्डपुरता.

या लेखात मला वरच्या प्रश्नाशी भांडायचे आहे. प्रश्न दिसतो पैशांचा आणि वेळेचा, पण त्याच्या पोटात एक जुनी समजूत दडलेली आहे. हत्यार हातात घेणे हे ‘दुसऱ्या कुणाचे’ काम. आपण शिकलेली माणसे, आपण फक्त पैसे द्यायचे. ही समजूत आपण सामानातून इथे आणली आणि आता मुलांच्या दप्तरात भरतो आहोत.

आधी लेथविषयी. कुंभाराचे चाक आडवे केले आणि मातीच्या जागी धातूचा तुकडा धरला, तर जे होईल ते लेथ. चकमध्ये घट्ट धरलेला तुकडा फिरतो आणि स्थिर धरलेले टूल त्याला तासत जाते. माझे मशीन छंदवाल्यांचे, सात बाय बारा इंची, टेबलावर मावणारे. त्याचा वेग एका खुंटीने कमी-जास्त होतो, मिनिटाला शून्यापासून सुमारे २,५०० फेऱ्यांपर्यंत. पण ती खुंटी मुकी आहे, आत्ता किती फेरे चालू आहेत ते सांगत नाही. अंदाजपंचे दाहोदरसे!

आता हा आकडा हवा कशाला? धातू कापताना महत्त्व असते ते टूलच्या टोकासमोरून पृष्ठभाग किती वेगाने सरकतो याला. साधे पोलाद आणि हायस्पीड स्टीलचे टूल असेल तर हा वेग मिनिटाला ३० मीटरच्या आसपास धरतात. म्हणजे २५ मिलिमीटर जाडीच्या सळईला मिनिटाला सुमारे ३८० फेरे पुरतात, पण ६ मिलिमीटरच्या सळईला सुमारे १,६०० लागतात. तीच खुंटी, तेच पोलाद, तेच टूल, आणि आकड्यात चौपटीचा फरक. ॲल्युमिनियम घेतले तर हे आकडे आणखी दुपटी-तिपटीने वाढतात. जाड पोलाद फार जोरात फिरवले तर टूलची धार तापून मऊ पडते. बारीक तुकडा फार हळू फिरवला तर काम रखडते आणि पृष्ठभाग खरबरीत निघतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो पाहुण्यांकडून नव्हे, खऱ्या कारागिराकडून. माझे एक चुलत काका पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर टर्नर होते. त्यांना फोनवर हा उद्योग सांगितला तर म्हणाले, “अरे, आवाजावरून कळतं. आकडा कशाला?” काकांचे खरेच आहे. तीस वर्षे लेथपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानात वेगमापक असतो. पण ती तीस वर्षे माझ्याकडे नाहीत, माझ्या मुलीकडे तर नाहीतच. नवख्याला आकडा आणि आवाज एकत्र मिळाले, तर कान लवकर तयार होतो. काकांनीच शेवटी निकाल दिला: “आकडा बघ, पण कान बंद करू नकोस.”

मापकाची रचना सोपी आहे. लेथच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, मागच्या टोकावर ॲल्युमिनियमची एक कडी बसवली. ही कडी त्याच लेथवर कातली. स्वतःचाच भाग स्वतः बनवून देणारे असे दुसरे यंत्र घरात शोधून दाखवा! कडीत समोरासमोर दोन छोटी चुंबके. समोर दोन-तीन मिलिमीटरवर एक हॉल सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक समोरून गेले की खूण करतो. ती खूण आर्दुइनोच्या छोट्या बोर्डाकडे जाते आणि दोन ओळींच्या पडद्यावर आकडा उमटतो. सगळे सामान वीस-पंचवीस डॉलरांत आले.

यातली प्रत्येक पायरी साधी वाटते, आणि प्रत्येक पायरी प्रश्न विचारते. चुंबके दोन कशाला, एक पुरत नाही का? मोजायला एक पुरते, पण एकाच बाजूला वजन पडले तर कडीचा तोल जातो. ती कडीच्या बाहेरच्या कडेवर चिकटवावीत का? हिशोब करू. मध्यापासून २० मिलिमीटरवरचे चुंबक २,५०० फेऱ्यांना स्वतःच्या वजनाच्या सुमारे १४० पट जोराने बाहेर ओढले जाते. मग भरवसा गोंदावर कशाला ठेवायचा? कडीच्या चपट्या बाजूने भोके पाडून चुंबके आत बसवली की बाहेरून धातूची भिंतच त्यांना धरून ठेवते. आठवीतल्या माझ्या मुलीने हा हिशोब स्वतः केला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तेच सूत्र आहे, पण तिथे दोराला बांधलेला चेंडू असतो आणि दोर तुटला तरी कुणाला काही लागत नाही.

पुढे सॉफ्टवेअर. म्हणजे माझे हक्काचे घर! सेकंदभरात किती खुणा आल्या ते मोजायचे, ही पहिली सुचणारी पद्धत. पण मिनिटाला १२० फेरे असतील तर दोन चुंबकांच्या मिळून सेकंदाला चारच खुणा येतात. एखादी कमी-जास्त पकडली गेली की आकडा ३० फेऱ्यांनी उडी मारतो. त्यापेक्षा एका फेऱ्याला किती वेळ लागला ते मोजावे. २,५०० फेऱ्यांनाही एक फेरा २४ हजार मायक्रोसेकंदांचा असतो, आणि हा बोर्ड चार मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ ओळखतो. वेळ मात्र एका चुंबकापासून पुन्हा त्याच चुंबकापर्यंत मोजायची, मग दोन चुंबके अगदी तंतोतंत समोरासमोर नसली तरी चालते.

शिवाय लेथची मोटर तारांमध्ये विजेचा गोंगाट करते आणि खोट्या खुणा येतात. त्यांच्यासाठी सेन्सरपाशी एक छोटा कपॅसिटर, आणि प्रोग्रॅममध्ये एक नियम: दोन खुणांमधले अंतर आठ हजार मायक्रोसेकंदांहून कमी असेल तर ती खूण धरू नये, कारण हे मशीन तेवढ्या जोरात फिरूच शकत नाही. पडद्यामागे बसून ‘डेटा चुकीचा आहे’ अशी ईमेल पाठवणाऱ्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा धडा फार गरजेचा आहे. डेटा कुठून तरी येतो, आणि तिथे तेल असते, धूळ असते, चुंबकाला चिकटणारा लोखंडाचा कीस असतो.

मापक बरोबर दाखवतो कशावरून? त्यासाठी जुनी चोकवाली ट्यूबलाइट कामाला येते. अमेरिकेतली वीज ६० सायकलची, म्हणून ती ट्यूब सेकंदाला १२० वेळा लुकलुकते. चकवर समान अंतरावर चार रेघा मारल्या तर मिनिटाला १,८०० फेऱ्यांना त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. त्या क्षणी पडद्यावर १,८०० च्या आसपास आकडा असला की मापक पास. यातच एक धोक्याची सूचनाही आहे. तीन जबड्यांचा चक अशा उजेडात २,४०० फेऱ्यांना थांबल्याचा भास होऊ शकतो. म्हणून लेथपाशी अशी ट्यूब कायमची ठेवू नये, आणि डोळ्यांवर विसंबून फिरत्या चककडे हात कधीच नेऊ नये.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे. होय, विकत मिळतो. हातात धरायचा मापकही मिळतो, बसवायचा तयार संचही मिळतो. वेळेचा हिशोब केला तर विकतचाच स्वस्त. पण हा न्याय आपण सगळीकडे लावतो का? पुरणपोळीही विकत मिळते. मुलीला भरतनाट्यम् शिकवण्यापेक्षा नृत्याची तिकिटे काढणे स्वस्त पडते. तिथे आपण म्हणतो, “शिकलं पाहिजे, संस्कार आहेत.” मग सुताराचा रंधा, लोहाराची भट्टी, तांबटाची हातोडी हे आपले संस्कार नव्हेत का? की संस्कारांच्या यादीतून बलुतेदारांची कला आपण सोयीस्करपणे वगळली? हा प्रश्न बोचरा आहे, पण विचारायलाच हवा. ‘हात काळे करू नकोस’ या आपल्या लाडक्या वाक्यात स्वच्छतेपेक्षा जातीची उतरंड जास्त आहे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे वर्कशॉप आठवा. फाइलने घासून लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे असत. किती जणांनी तो जॉब स्वतः पूर्ण केला, आणि किती जणांनी वर्कशॉपमधल्या मामांच्या हातावर चहापाणी ठेवून तयार घेतला? मामांना जे येत होते ते आपल्याला येत नव्हते, तरी इंजिनिअर आपण आणि ‘मामा’ ते!

“हे धोक्याचं आहे,” असेही ऐकतो. आहेच. म्हणून नियम हवेत. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, मनगटातला गंडादोरा सगळे काढून, हातमोजे मुळीच नाहीत, कारण तेच चकमध्ये ओढले जातात. चकची किल्ली चकमध्ये क्षणभरही सोडायची नाही. मोटरच्या सर्किटला हात लावायचा नाही, कारण त्याचा भिंतीतल्या विजेशी थेट संबंध असू शकतो; मापकाला वेगळा मोबाइल चार्जर. सोळाव्या वर्षी मुलांच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या आपल्याला धोका शिस्तीत हाताळता येतो हे माहीत आहे.

आणि नवा युक्तिवाद: “आता एआय आहे, सगळं तेच करेल.” मापकाचा प्रोग्रॅम ते लिहून देते, चांगला देते. पण कडी ढिली झाली आहे की तारेतून गोंगाट येतो आहे, हे बेसमेंटमध्ये जाऊन बोट लावून कुणी पाहायचे? ज्या कामाला आपण हलके समजलो, तेच यंत्राला सहजासहजी जमत नाही. आणि ज्याला बुद्धीचे काम म्हणून मिरवले, ते ते भराभर शिकते आहे. मुलांच्या पोटापाण्याची चिंता असेल तर तरी हे ऐका.

आपण मिशिगनवाले. देशातून आई-बाबा आले की त्यांना डिअरबॉर्नचे ग्रीनफिल्ड व्हिलेज दाखवतो. तिथे राइट बंधूंचे सायकलींचे दुकान डेटनहून आणून उभे केले आहे. १९०३ साली उडालेल्या त्यांच्या विमानाचे इंजिन त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने प्रामुख्याने लेथ आणि ड्रिल प्रेसवर सहा आठवड्यांत बनवले. विमानाचे श्रेय राइटांना मिळाले, टेलरचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आणि आपल्याकडे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही बेळगावात सायकलींचेच दुकान काढले होते, आणि त्यांचा लोखंडी नांगर आला तोही १९०३ साली! १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.त शिकले आणि १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परत गेले. १९४१ साली हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली. म्हणजे शिकलेल्या मराठी माणसाने लोखंडाला हात लावण्याची परंपरा आपल्याकडे आहे. आपण तिचा फक्त अभिमान बाळगतो, सराव ठेवत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. इथे बऱ्याच घरांत त्या दिवशी लॅपटॉपला कुंकू लागते आणि गाडीला हार. लागू द्या. पण माझी मंडळाच्या कार्यकारिणीला जाहीर विनंती आहे की यंदाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात गाण्या-नाचांबरोबर एक टेबल हत्यारांचे ठेवा. बंद पडलेला मिक्सर, जुना पंखा, तुटलेली खेळणी घेऊन या. मुलांना, मुलींना आणि आई-बाबांनाही स्क्रूड्रायव्हर द्या, खोलू द्या, आत पाहू द्या. जुन्या पंख्याच्या पात्यावर चुंबक लावून वेगमापक बनवायला एक दुपार पुरते. सेन्सर, बोर्ड आणि चष्मे मी आणतो. आपल्या मंडळात गाड्यांच्या कंपन्यांतून निवृत्त झालेले, लोखंडात आयुष्य घालवलेले अनेक काका-मावशी आहेत. त्यांना आपण दरवर्षी शाल-श्रीफळ देतो, या वर्षी पाने-पक्कड देऊन शिकवायला बोलवा.

कार्यक्रमानंतर हात धुवायला साबण लागेल, तेवढा मंडळाने पुरवावा.