पाठशाळेत संविधान

शाळेत मुले उद्देशिका घडाघडा म्हणतात, पण अर्थ विचारला की गप्प. म्हणून वाटते, आपल्या पाठशाळेतही कलम ५१क शिकवावे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या कलमात प्राणिमात्रांवर दया हे नागरिकाचे कर्तव्य आहे. ते आपण अभिमानाने सांगतो. पण धर्म, भाषा, प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवणे हेही त्याच कलमात आहे, ते मात्र गाळतो. (कॉमर्सवालीला विचारा, खातेवहीची एकच बाजू लिहून चालते का?) मुंगी वाचवणाऱ्या नातवाने उद्या विचारले, ‘आजोबा, सोसायटीत दुसऱ्या धर्माचा भाडेकरू का नको?’, तर त्याला दटावू नका. आजोबांनीच उत्तर द्यावे.