पितळी बॅटरीत नवा सेल

रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देणाऱ्या माणसाच्या हातात चांगला उजेड असणं ही चैन नाही. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसाच्या पाळीला येते, कधी रात्रीच्या. रात्रपाळी लागली की मोटर चालू करायची आणि काळोखात दारं धरायची. पायाखाली घोणस असू शकते. जुन्नर-आंबेगावकडे तर उसात बिबट्याही असतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पण ती प्रत्येकाच्या बांधापर्यंत पोचेतो बॅटरी हातात हवीच.

आमच्या काकांकडे दोन मोठ्या सेलची पितळी बॅटरी आहे, आजोबांच्या वेळची. मधल्या काळात घरात चार्जिंगच्या प्लॅस्टिकच्या बॅटऱ्या येऊन गेल्या. त्यांतल्या बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत चार व्होल्टचा छोटा शिसे-आम्लाचा संच असतो. तो उतरलेल्या अवस्थेत कोनाड्यात पडून राहिला, की त्याच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग तो चार्ज घेतच नाही. उतरली की ठेवून द्यायची आणि रात्रपाळी आली की शोधायची, हीच शेतकऱ्याच्या घरातली रीत. म्हणजे ही वस्तू ज्याच्यासाठी विकली जाते, त्याच्याच घरात ती लवकर मरते. पितळी नळी मात्र काचकागदाने घासली, मागची स्प्रिंग आणि बटणाची पट्टी साफ केली, की पुन्हा चालते. माझं मत पक्कं आहे: नळी ठेवावी, आतलं बदलावं.

साध्या सेलमध्ये जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो, आणि वीज देताना तोच झिजत जातो. डब्याला भोक पडलं की आतला खारट लगदा बाहेर येतो आणि पितळेवर हिरवा थर चढतो. ओली नसलेली ही रचना जर्मनीत कार्ल गासनरने १८८६च्या सुमारास बांधली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. आमची आजी उतरलेले सेल उन्हात मांडून ठेवायची आणि ते संध्याकाळी थोडे उजळायचेही. त्यात खोटं काही नव्हतं. उष्णतेने आणि विश्रांतीने आतली रासायनिक क्रिया जरा मोकळी होते. पण झिजलेलं जस्त परत येत नाही.

त्याजागी काय घालायचं? पहिला विचार लिथियम-आयनचा येतो, कारण लॅपटॉपमधून निघालेले १८६५० सेल भंगारात मिळतात. मी ते घालू नये म्हणेन. असा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. दोन साध्या सेलचे मिळून तीन व्होल्ट होतात, त्यामुळे दोन साध्यांच्या जागी दोन लिथियम-आयन घातले, तर बल्ब क्षणात जातो. शिवाय, कुठल्या अवस्थेत निघालाय हे ठाऊक नसलेला सेल उशाशी घेऊन निजणं मला मंजूर नाही.

खरी जोडी जमते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. हा सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे दोन साध्या नव्या सेलच्या बेरजेच्या जवळपासच. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ पुढे आला. १९९७च्या त्या मूळ निबंधावर ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ साली नोबेल मिळालं. या पदार्थातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. तो तापल्यावर सहजी सुटत नाही, म्हणून हा सेल लिथियमच्या इतर भावंडांपेक्षा खूपच शांत. सौर पथदिव्यांमुळे तो आता आपल्याकडच्या बाजारातही सहज मिळतो. त्याचं ३२७०० हे नाव म्हणजे त्याचं मापच: जाडी ३२ मिलिमीटर, लांबी ७०. मोठा साधा सेल ३३-३४ मिलिमीटर जाड आणि साडेएकसष्ट लांब असतो. जाडीत नवा सेल नळीत जवळजवळ बेतून केल्यासारखा बसतो. उरते लांबीची बाब. दोन साध्या सेलना १२३ मिलिमीटर लागतात, तेव्हा राहिलेल्या ५३ मिलिमीटरसाठी ठोकळा हवा.

आम्ही तो बाभळीच्या लाकडाचा कातून घेतला, मधोमध आरपार भोक पाडून त्यात पितळी बोल्ट आणि नट बसवला. ठोकळा बल्बच्या बाजूला, सेल स्प्रिंगच्या बाजूला. त्यामागे कारण आहे. या सेलचं धन टोक बहुधा सपाट असतं आणि बल्बच्या बुडाला टेकायला बोंडी लागते, ती बोल्टने मिळते. इथे घाई नको. सेलचा पत्र्याचा डबा ऋण असतो आणि त्याची कड धन टोकाला अगदी खेटून असते. बोल्टचं डोकं त्या कडेला लागलं, तर सरळ शॉर्ट. साधा सेल शॉर्ट झाला तर गरम होऊन बसतो, हा मात्र पन्नास अँपियरही सोडू शकतो. म्हणून बोल्टचं डोकं लहान निवडावं, मध्ये फायबरचा वॉशर घालावा, आणि सेलवरचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं असेल तर तो वापरूच नये.

अडीच व्होल्टचा जुना तारेचा बल्ब ३.२ व्होल्टवर झगझगीत दिसतो, पण फार टिकत नाही. ढोबळ हिशेबाने त्याचं आयुष्य विसाव्या हिश्श्यावर येतं. त्याच बुडाचा तीन व्होल्टचा एलईडी बल्ब घ्यावा. पांढऱ्या एलईडीला लागणारा दाब आणि या सेलचा दाब यांचं चांगलं जमतं. एलईडीला उलटसुलट चालत नाही, तेवढं तपासावं. सहा अँपियर-तासाचा सेल आणि ०.३ अँपियर खाणारा बल्ब, म्हणजे हिशेबाने वीस तास. मी पंधराच धरतो. चार्जर मात्र याच सेलचा, ३.६५ व्होल्टला थांबणारा. लिथियम-आयनचा ४.२पर्यंत ढकलतो, तो याला लावू नये.

एक गोष्ट काकांना बसवून सांगावी लागली. जुना सेल मरताना सांगून मरायचा: उजेड पिवळा पडत जायचा, आणि माणूस बांधावरून घरी पोचेपर्यंत तो पुरायचा. हा सेल शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग झपकन मावळतो. उसाच्या सरीत हे होणं बरं नाही. तेव्हा आमच्याकडे आता ठरलंय की आठवडी बाजाराच्या दिवशी, लागो न लागो, तो चार्जिंगला लागतो, आणि रात्री जाताना खिशात मोबाइल असतो, तोही भरलेला. हे ठोकळे गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार मिळायला हवेत. कातणाऱ्याला दहा मिनिटांचं काम आहे, आणि माळ्यावर पितळी बॅटऱ्या अजून पुष्कळ घरांत आहेत.