मोघम रिलीझ नोट्स कुणाच्या फायद्याच्या?

‘काही त्रुटी दूर केल्या, सुरक्षा वाढवली.’ एवढ्या एका ओळीवर पॅच पाठवणाऱ्यांचं समर्थन ठरलेलं असतं: तपशील दिला तर हल्लेखोरांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. युक्तिवाद जबाबदारीचा वाटतो, पण टिकत नाही. पॅच बाहेर पडला की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधता येतं. त्यासाठीची साधनं सर्रास मिळतात आणि हल्लेखोराकडे सवडही असते. सवड नसते ती अ‍ॅडमिनला. शनिवारी रात्री मिळालेल्या दोन तासांच्या डाउनटाइममध्ये कोणता पॅच लावायचा आणि कोणता पुढे ढकलायचा, हे त्याला नोट्स वाचूनच ठरवावं लागतं. मोघम नोट त्यालाच अंधारात ठेवते.

७ एप्रिल २०१४ ची ओपनएसएसएल लायब्ररीची हार्टब्लीड या त्रुटीविषयीची सूचना पाहा. जेमतेम काही ओळींची. टीएलएसच्या हार्टबीट एक्स्टेन्शनमध्ये मर्यादेची तपासणी राहून गेली आहे. त्यामुळे जोडलेल्या समोरच्या यंत्राला ६४ केबीपर्यंत मेमरी वाचता येते. धोका फक्त १.०.१ आणि १.०.२ बीटा मालिकांना, १.०.१जी घ्या, लगेच जमत नसेल तर हार्टबीट वगळून पुन्हा कम्पाइल करा. १.०.० वापरणारा अ‍ॅडमिन हे वाचून निर्धास्त झाला, १.०.१ वाला तडक कामाला लागला. यातली कोणती ओळ गाळल्याने कुणाचं भलं झालं असतं, ते विरोधकांनी सांगावं. माझी तक्रार उलटी आहे. लायब्ररी बदलली तरी चालू प्रोसेस जुनीच प्रत मेमरीत धरून बसतात, म्हणून त्या रीस्टार्ट करायला हव्यात. प्रायव्हेट की फुटलेली असू शकते, म्हणून सर्टिफिकेटही बदलायला हवं. हे त्या सूचनेत नव्हतं, आणि ते असायलाच हवं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वॉनाक्राय रॅन्समवेअरचा हल्ला १२ मे २०१७ चा. त्याने वापरलेल्या त्रुटीवरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चलाच आला होता, तोही ‘क्रिटिकल’ म्हणून. तरी असंख्य यंत्रं तशीच राहिली. मग नोट्स लिहून उपयोग काय? पण पॅच रखडतो त्यामागे आळसच असतो असं नाही, धास्तीही असते, आणि ती खोटी नसते. जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटमुळे कित्येक डोमेन कंट्रोलर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले होते. नुसतं ‘क्रिटिकल’ म्हटल्याने ही धास्ती जात नाही. काय बिघडू शकतं आणि परत कसं फिरायचं, हे सांगितलं तरच ती कमी होते.

म्हणून नोट अशी सुरू व्हावी: ‘४.२ ते ४.२.६ वापरत असाल आणि एलडॅप लॉगिन चालू असेल, तरच धोका. पासवर्डशिवाय बाहेरून हल्ला होऊ शकतो. तसे हल्ले सुरू झाले आहेत. सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागेल, मशीन रिबूट नको. आज जमत नसेल तर एलडॅप बंद ठेवा. डेटाबेसची रचना बदलते, तेव्हा आधी बॅकअप घ्या. त्याशिवाय रोलबॅक होणार नाही.’ नव्या सुविधांचं कौतुक याच्या खाली. पॅच लावल्यावर कळलेल्या अडचणी त्याच नोटमध्ये तारीख घालून वाढवाव्यात. ही वाक्यं पॅच तयार करणाऱ्या अभियंत्यानेच लिहावीत, कारण पॅच तयार होतो त्या दिवशी ही सगळी माहिती त्याच्यासमोर असते. त्याने ती लिहिली नाही, तर प्रत्येक ग्राहकाकडच्या अ‍ॅडमिनला ती स्वतंत्रपणे हुडकावी लागते, बहुधा मध्यरात्री आणि चालू सर्व्हरवर.