पाच रुपये बारा पैसे कशाचे?

परळ, ३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

काल दसरा झाला. स्कूटरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि मुलगा पंपावर जाऊन टाकी भरून आला. लिटरला १०३ रुपये ५० पैसे. दिल्लीत तेच पेट्रोल ९४ रुपये ७७ पैशांना. हे आकडे आपल्याला नवे नाहीत आणि माझं रडगाणंही नवं नाही. याआधीची दोन पत्रं एका कार्यालयातून दुसऱ्यात गेली, तिथून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ तिसऱ्यात, आणि बहुधा तिथूनच निवृत्त झाली. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

परवा एक वर्धापनदिन होऊन गेला. त्याचा फ्लेक्स मात्र नाक्यावर कुणी लावला नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये चढवले. दारू, सिगारेट, दागिने यांवरचा वाढीव कर धरून १,६०० कोटी उभे करायचे होते. दुष्काळ खराच होता, आम्ही ब्र काढला नाही. मग २०१७ च्या एप्रिलात सुप्रीम कोर्टाच्या निकालाने हायवेलगतची दारूची दुकानं बंद झाली, तिजोरीला भोक पडलं आणि पेट्रोलवरचा अधिभार ६ रुपयांवरून ९ वर गेला. दारू कुणाची सुटली आणि चढली कुणाला! पुढे थोडा उतरला, पुन्हा चढला. कोरोनात, लोक घरी बसलेले असताना, एप्रिल २०२० ला १ रुपया, जूनला आणखी २, असा तो १० रुपये १२ पैशांवर पोचला. जुलै २०२२ मध्ये ५ रुपये उतरवले, त्याचा गाजावाजा झाला. उरले ५ रुपये १२ पैसे.

साहेब, हे ५ रुपये १२ पैसे कशाचे? यात दुष्काळाचे किती, दारूचे किती, कोरोनाचे किती? यंदा मराठवाड्यात शेतं पाण्याखाली आहेत. पुरासाठी मागा, देऊ. पण पावती पुराच्या नावाने फाडा.

मी भोईवाड्यात डबे करते. हॉस्पिटलांच्या आवारातले पेशंटचे नातेवाईक आणि लोअर परळच्या ऑफिसांतली पोरं, असं माझं गिऱ्हाईक. हिशेब मला रोजच करावा लागतो, म्हणून आपलाही करून पाहिला. १०३.५० मधून अधिभार वजा केला, उरलेल्यातला २५ टक्के व्हॅट सोडवला. मूळ किंमत, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि पंपवाल्याचं कमिशन मिळून उरले ७८ रुपये ७० पैसे. दिल्लीचा व्हॅट १९.४० टक्के, तिथे तसंच केलं तर ७९ रुपये ३७ पैसे. म्हणजे राज्याचा कर लागण्याआधी मुंबईचं पेट्रोल दिल्लीपेक्षा ६७ पैशांनी स्वस्त आहे! मग दिल्ली त्यावर १५ रुपये ४० पैसे घेते आणि आपण २४ रुपये ८० पैसे.

स्वस्त असणारच. माहूलच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ पासून इथे धूर सोडताहेत. परभणीची माझी मावसबहीण लिटरला माझ्याहूनही जास्त मोजते. तिच्याकडे टँकर मनमाडहून जातो, ती वाहतूक निदान समजते. पण माहूल ते परळ? वास चेंबूरने घ्यायचा, वर जास्तीचे पैसेही आम्हीच द्यायचे.

आता सिलिंडर बघा. घरचा लाल सिलिंडर मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे, दिल्लीत ८५३, कोलकात्यात ८७९. धंद्याचा निळा सिलिंडर परवाच साडेपंधरा रुपयांनी वाढला, तरी मुंबईत १,५४७ आणि दिल्लीत १,५९५ रुपये ५० पैसे. गॅसला जीएसटी लागतो, तो देशभर सारखा. तिथे आपला हात पोचत नाही, म्हणून मुंबई स्वस्त. पेट्रोलवर हात पोचतो, म्हणून मुंबई पावणेनऊ रुपयांनी महाग. शेगडीपाशी मी दिल्लीकरणीपेक्षा सुखी, स्कूटरवर बसले की दु:खी. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत पेट्रोल जीएसटीत आणायचा विषय निघाला, तेव्हा राज्यांनी तो का बाजूला सारला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कपातीचा ‘बचत उत्सव’ चालू आहे. शाम्पू स्वस्त झाला, आभारी आहे.

आमची स्कूटर रोज लिटरभर पिते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर नुसता दिल्लीशी फरक २२७ रुपये, वर्षाला २,७२४. हसू येईल आपल्याला. माझ्या घरात त्याला तीन सिलिंडर आणि वर दीडशेहून जास्त रुपये म्हणतात. वाशीच्या मार्केटातून भाजी आणणारा टेम्पो डिझेलवर चालतो, तेही इथे ९० रुपये ३ पैसे आणि दिल्लीत ८७ रुपये ६७ पैसे. फरक टेम्पोवाला स्वतः थोडाच सोसतो? आणि मी तो गिऱ्हाइकावर टाकू? डबा पाच रुपयांनी वाढवला की फुटपाथवर बसलेली माणसं दोघांत एक डबा घेतात. हे मी अंदाजाने सांगत नाही, रिकामे डबे मीच मोजते.

मुंबईत पगार जास्त असतात, असं एक ऐकवलं जातं. बेस्टचं तिकीट मे महिन्यात ५ चं १० झालं, टॅक्सीचं मीटर फेब्रुवारीत २८ चं ३१ झालं. आमच्या चाळीत कुणाचा पगार त्या हिशेबाने वाढला, त्याचं नाव कळवा, पेढे मी वाटते.

वर आता एल्फिन्स्टनचा पूल. १२ सप्टेंबरला बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्ता होणार, होऊ दे. तोवर करी रोडच्या पुलावर सकाळी सात ते दुपारी तीन फक्त लोअर परळकडे जायचं, तीननंतर फक्त इकडे यायचं. म्हणजे मुलाला जेवण घेऊन जाता येतं, रिकामे डबे घेऊन परत येता येत नाही. तो चिंचपोकळीला वळसा घालून येतो. त्या वळशातल्या प्रत्येक थेंबावरही आपला २५ टक्के आणि अधिभार आहेच. रस्ता बंद करूनही कर वाढतो, ही किमया मोगलांनाही जमली नसती.

२०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईसाठी आपल्या खात्याने दिलासा जाहीर केला होता. पेट्रोलवरचा कर २६ वरून २५ टक्के, लिटरमागे ६५ पैसे. उर्वरित राज्यात तो २५ टक्केच होता. जो एक टक्का आमच्याकडून जास्तीचा घेतला जात होता तो घेणं थांबवलंत, याला दिलासा म्हणायचं? आणि तोही नेमका विधानसभेच्या निवडणुकीआधी. तलासरीच्या पुढे गुजरातेत शिरलं की आपल्याच गाड्या पंपावर रांग लावतात. तो कर महाराष्ट्राला मिळतो का, हे आपण जाणताच. सीमेवरच्या माणसाला निदान पळवाट आहे, परळच्या माणसाने टाकी भरायला कुठे जायचं?

लाडक्या बहिणींसाठी पैसा लागतो, म्हणाल. लागू दे. ही स्कूटरही बहिणीचीच आहे.

मागणं एकच. त्या ५ रुपये १२ पैशांची फोड लेखी द्या: कुठल्या संकटाचे किती, आजवर जमा किती झाले, खर्च कुठे झाले. फोड देता येत नसेल तर अधिभार काढा. ‘योग्य त्या कार्यवाही’ला पाठवू नका.

उत्तर माणसाकरवी पाठवणार असाल आणि तो लोअर परळकडून येणार असेल, तर तीनच्या आधी पाठवू नका. करी रोडच्या पुलावर त्याला अडवतील.

आपली,
भोईवाड्यातली एक डबे करणारी